रहीम साहेबांची शाळा : भारतीय युवा फुटबॉलच्या एकमेव आशियाई विजेतेपदामागची परंपरा

हैदराबाद, ११ जून : आशियाई युवा फुटबॉल स्पर्धेचे विजेतेपद भारताने आजवर एकदाच मिळविले आहे. १९७४ मध्ये बँकॉक येथे इराणविरुद्धचा अंतिम सामना २-२ असा बरोबरीत सुटला आणि दोन्ही संघ संयुक्त विजेते ठरले. त्या भारतीय संघाचे कर्णधार शब्बीर अली हैदराबादचे होते, तर प्रशिक्षक अरुण घोष हे सय्यद अब्दुल रहीम यांच्या १९६२ मधील आशियाई सुवर्णविजेत्या संघातील बचावपटू होते. रहीम यांचे निधन त्याआधी ११ वर्षे, ११ जून १९६३ रोजी झाले होते. युवा संघाच्या या यशाचे मूळ शोधू गेल्यास ते हैदराबादच्या या शिक्षकापर्यंत जाऊन पोहोचते.

सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबाद येथे झाला. उस्मानिया विद्यापीठात शिकत असताना ते विद्यापीठाच्या फुटबॉल संघातून खेळले. पुढे त्यांनी अध्यापनाचा व्यवसाय स्वीकारला. काचीगुडा माध्यमिक शाळा, उर्दू शरीफ शाळा, दारुल उलूम हायस्कूल आणि चादरघाट हायस्कूल या शाळांत त्यांनी नोकरी केली. शारीरिक शिक्षणाची पदविका घेतल्यानंतर खेळ शिकविणे हाच त्यांच्या अध्यापनाचा विषय झाला. वर्गातील शिक्षकाची शिस्त आणि विद्यार्थ्याला पायरीपायरीने पुढे नेण्याची चिकाटी त्यांनी मैदानावर आणली.

१९४३ मध्ये ते हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिव झाले आणि अखेरपर्यंत त्या पदावर राहिले. संघटक या नात्याने त्यांनी कोवळ्या वयातील खेळाडूंवर लक्ष केंद्रित केले. अंगापिंडाने थोराड मुलांपुढे लहानखुरी मुले मागे पडू नयेत म्हणून उंचीची मर्यादा घातलेल्या स्पर्धा त्यांनी भरविल्या. ज्या पायाने खेळण्याची सवय नाही त्याच पायाने चेंडू मारण्याचे बंधन असलेले सामनेही ते घेत. चेंडू पायाशी घोळवत न बसता एका-दोन स्पर्शांत सहकाऱ्याकडे सोपविण्याचा सराव ते करून घेत. वैयक्तिक करामतींवर भाळणाऱ्या तत्कालीन भारतीय फुटबॉलमध्ये ही शिकवण वेगळी होती.

या शिकवणीचे पहिले मोठे फळ हैदराबाद सिटी पोलीस संघाच्या रूपाने दिसले. रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईतील रोव्हर्स चषक जिंकला. कूपरेज मैदानावरील मुंबईकर प्रेक्षकांना हैदराबादी खेळाची ओळख या विजयांनी करून दिली. पुढे संतोष करंडक स्पर्धेतही हैदराबादने लागोपाठ दोनदा विजेतेपद मिळविले आणि दोन्ही अंतिम सामन्यांत पराभूत संघ मुंबईचाच होता.

राष्ट्रीय संघाची जबाबदारी रहीम यांच्याकडे आली तेव्हा देश नुकताच स्वतंत्र झाला होता. १९५१ मध्ये नवी दिल्ली येथे पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत शैलेन मन्ना यांच्या नेतृत्वाखालील संघाने अंतिम सामन्यात इराणला १-० असे हरवून सुवर्णपदक पटकावले. साहू मेवालाल यांनी निर्णायक गोल केला. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मात्र युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडविला. भारताचे अनेक खेळाडू तेथे अनवाणी खेळले होते. त्या पराभवानंतर बूट घालून खेळणे सक्तीचे झाले. रहीम यांनी या मानहानीचा अर्थ नीट जाणला. जगाचा खेळ बदलत होता आणि त्याचा अभ्यास केल्याशिवाय भारताला तरणोपाय नव्हता.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकसाठी त्यांनी उभारलेल्या संघात तरुणांना मोठे स्थान होते. प्रदीपकुमार बॅनर्जी आणि तुलसीदास बलराम त्या वेळी अवघे २० वर्षांचे होते. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा येथील गरीब घरातल्या बलराम यांचे गुण रहीम यांनीच हेरले होते. सरावाला येण्यासाठी भाड्याच्या सायकलीचे पैसे रहीम आपल्याला देत असत, ही आठवण बलराम यांनी पुढे कृतज्ञतेने सांगितली. आघाडीच्या फळीतील मधल्या खेळाडूला किंचित मागे खेळवून प्रतिस्पर्ध्यांच्या बचावाला संभ्रमात टाकण्याची पद्धत हंगेरीच्या संघामुळे जगाला परिचित झाली होती. रहीम यांनी ती भारतीय संघात रुजविली. यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवून भारत उपांत्य फेरीत पोहोचला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये ही मजल मारणारा तो पहिला आशियाई संघ होता. या विजयात मुंबईच्या नेव्हिल डिसोझा यांनी तीन गोल केले. उपांत्य सामन्यातही पहिला गोल त्यांनीच केला. मात्र युगोस्लाव्हियाने ४-१ अशी बाजी मारली. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाकडून पराभव झाल्याने भारताला चौथ्या स्थानावर समाधान मानावे लागले.

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताच्या गटात हंगेरी, फ्रान्स आणि पेरू हे संघ होते. हंगेरीविरुद्ध भारत १-२ असा निसटता हरला, तर फ्रान्सला त्याने १-१ असे बरोबरीत रोखले. आठ वर्षांपूर्वी दहा गोल स्वीकारणाऱ्या संघाची ही प्रगती होती. या पथकात रहीम यांचे पुत्र सय्यद शाहिद हकीम यांचाही समावेश होता, पण त्यांना एकाही सामन्यात मैदानात उतरण्याची संधी मिळाली नाही.

१९६२ मधील जकार्ता येथील आशियाई क्रीडा स्पर्धेच्या वेळी रहीम यांना फुप्फुसाच्या कर्करोगाने ग्रासले होते. सलामीलाच दक्षिण कोरियाने भारताला २-० असे नमविले. थायलंडवरील विजयात बचावपटू जर्नेलसिंग यांच्या डोक्याला दुखापत होऊन टाके पडले. बचावात खेळणे त्यांना धोक्याचे होते, म्हणून रहीम यांनी त्यांना आघाडीवर आणले. या निर्णयाने स्पर्धेचे चित्र पालटले. जर्नेलसिंग यांनी उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध गोल केला आणि भारत ३-२ असा जिंकला.

४ सप्टेंबर रोजी झालेल्या अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरियाची गाठ होती. इस्रायल आणि तैवान यांना स्पर्धेतून वगळल्याबद्दल क्रीडा प्रशासक गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतल्यामुळे जकार्तात भारताविरुद्ध तीव्र रोष होता. सुमारे एक लाख प्रेक्षक भारतीय संघाच्या विरोधात घोषणा देत होते. अशा वातावरणात प्रदीपकुमार बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांनी पहिल्या वीस मिनिटांतच दोन गोल केले. चुनी गोस्वामी यांच्या संघाने २-१ असा विजय मिळवून सुवर्णपदक जिंकले. आजारी प्रशिक्षकाने आदल्या रात्री खेळाडूंकडे हे पदक भेट म्हणून मागितले होते, असे त्या संघातील खेळाडू पुढे सांगत. त्यानंतर नऊ महिन्यांत, वयाच्या ५३ व्या वर्षी, रहीम यांचे निधन झाले. आशियाई क्रीडा स्पर्धेत फुटबॉलचे सुवर्णपदक भारताला पुन्हा मिळालेले नाही.

रहीम यांच्या संघातील प्रदीपकुमार बॅनर्जी, अरुण घोष यांच्यासारखे खेळाडू पुढे प्रशिक्षक झाले. १९७४ च्या युवा संघाचे यश या परंपरेतून आले. मात्र कोवळ्या वयातील मुले हेरून त्यांना वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने घडविण्याची जी व्यवस्था रहीम यांनी एका शहरात स्वतःच्या बळावर उभी केली, ती देशभर उभी राहिली नाही. बँकॉकचे संयुक्त विजेतेपद एकटेच राहिले, ते यामुळेच.

जागतिक पातळीवर भारतीय युवा संघ दिसण्यास २०१७ साल उजाडावे लागले. १७ वर्षांखालील विश्वचषकाचे यजमानपद मिळाल्याने भारताला प्रथमच फिफाच्या विश्वचषकात प्रवेश मिळाला. या संघाची दीर्घकाळ तयारी गोव्यात झाली होती आणि कोल्हापूरचा अनिकेत जाधव संघात होता. नवी दिल्लीत कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने भारताचा विश्वचषकातील पहिला गोल नोंदविला. भारताने तिन्ही सामने गमावले. पण काही वर्षे एकत्र ठेवून शिकविलेली मुले बलाढ्य संघांसमोर उभी राहू शकतात, हे कोलंबियाविरुद्धच्या १-२ अशा लढतीत दिसले.

शाळेच्या मैदानावर मुलांना दुबळ्या पायाने चेंडू मारायला लावणारा शिक्षक पुढे देशाला दोन आशियाई सुवर्णपदके मिळवून देतो, यात योगायोगाचा भाग थोडा आहे. स्पर्धा तोंडावर आल्यावर संघ जमविण्याची सवय सोडून शाळेपासून सुरुवात केली, तर काय साध्य होते, याचा पुरावा रहीम यांनी मागे ठेवला आहे. राष्ट्रीय युवा संघाचे दुसरे आशियाई विजेतेपद अजून यावयाचे आहे.