वढूपर्यंत नवे वैद्यक नेणाऱ्या डॉ. बानू कोयाजी

शिरूर तालुक्यातले वढू बुद्रुक म्हटले की आधी आठवते ती छत्रपती संभाजी महाराजांची समाधी. भीमाकाठच्या या गावाचे नाव आणखी एका कारणाने दूर देशीच्या डॉक्टरांना ठाऊक आहे. तिथल्या वैद्यकीय मासिकांत वढूचा उल्लेख येतो, आणि आपल्याकडे मात्र शेजारच्या गावातल्या माणसालाही त्यामागची कथा माहीत नसते. ही कथा डॉ. बानू कोयाजी या पारशी बाईंची.

बानूबाई माहेरच्या कापडिया. जन्म ७ सप्टेंबर १९१७ चा, मुंबईचा. वडील पेस्तनजी इंजिनिअर होते. शाळा पुण्यात झाली आणि डॉक्टरकी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. १९४० साली त्या एम.डी. झाल्या. बाईमाणसाने एवढे शिकणे ही त्या काळी मोठीच गोष्ट होती. पुढे मुंबईत डॉ. वि. ना. शिरोडकर यांच्या हाताखाली त्यांनी काम केले. गर्भाशयाच्या तोंडाला टाका घालून गर्भ वाचवण्याची पद्धत ज्यांच्या नावाने जगभर ओळखली जाते, तेच हे शिरोडकर. आपल्या विद्येत रोज भर पडली पाहिजे ही सवय बाईंना तिथेच लागली असावी, असे आमचे मत.

लग्न झाले ते जहांगीर कोयाजी यांच्याशी. थोरले दीर डॉ. एडलजी कोयाजी पुण्यातले नावाजलेले डॉक्टर. त्यांच्याच सांगण्यावरून १९४४ साली बानूबाई रास्ता पेठेतल्या के.ई.एम. रुग्णालयात रुजू झाल्या. रुग्णालय १९१२ चे, पण तेव्हा ते होते अवघ्या चाळीस खाटांचे, मुख्यतः बाळंतपणाचे. बाईंनी ते पाचशेवर खाटांचे केले. पंचावन्न वर्षे, म्हणजे १९९९ पर्यंत, कारभार त्यांच्याच हाती होता. कुटुंबनियोजनाचे नाव काढले तरी लोक तोंड फिरवत, त्या दिवसांत शकुंतला परांजपे यांच्या बरोबरीने त्यांनी ते कामही केले.

आता आपल्या भागाकडे येऊ. भीमेच्या एका अंगाला शिरूर, दुसऱ्या अंगाला दौंड. दौंडकराला निदान रेल्वे होती, गाडीत बसले की पुणे. घोडनदीकडच्या माणसाला एसटी नाही तर मालट्रक. अडलेली बाळंतीण, जुलाबाने सुकलेले पोर शहरातल्या दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर होऊन जायचा. रुग्णालय कितीही मोठे बांधले तरी उशिरा आलेल्या पेशंटपुढे डॉक्टरचा इलाज नसतो. तेव्हा दवाखान्यानेच गावाकडे जायचे, असे बाईंनी ठरवले. १९७० च्या दशकात के.ई.एम.ने वढूला ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले.

शहरातली मंडळी खेड्यात येतात, शिबिर घेतात, गोळ्या वाटतात, फोटो काढतात आणि जातात. हे आपण पुष्कळ पाहिले आहे. बानूबाईंचे काम टिकले ते शिकवण्यावर. गावातलीच माणसे निवडायची, त्यांना साधे आजार ओळखायला, स्वच्छता, आहार, गरोदरपणातली काळजी आणि कुटुंबनियोजन समजावून सांगायला शिकवायचे. त्यांना अडले तर वर विचारायला डॉक्टर, आणि डॉक्टरला अडले तर त्याच्या पाठीशी पुण्याचे अख्खे रुग्णालय. अशी ती साखळी होती. रास्ता पेठेत जे नवे कळले ते वढूच्या बाईपर्यंत उतरावे, आणि वढूच्या घराघरांत जे दिसले ते रास्ता पेठेत चढावे, असा दुहेरी रस्ता.

याचे मोल काय, ते विंचवाच्या उदाहरणाने सांगतो. लाल विंचू चावून माणसे दगावतात हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात काम करताना डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी त्यावर प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी वापरून पाहिली. १९८६ साली ते काम लंडनच्या ‘लॅन्सेट’ मासिकात छापून आले. इलाज सापडला, छापलाही गेला. पण आडगावच्या डॉक्टरला तो ठाऊक नसेल, तर रात्री दारे धरताना विंचू चावलेल्या गड्याला त्याचा काय उपयोग? त्याच्यापुरता तो इलाज सापडलेलाच नसतो.

खेड्यातला डॉक्टर एकटा असतो. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी पुस्तकात वाचले त्यावर तो गाडा हाकतो, आणि नव्याची खबर आणतो बॅग घेतलेला कंपनीचा एमआर. आता एमआरला आपला माल खपवायचा असतो, त्यात त्याचे काही चुकले असे नाही, पोटाचा धंदा आहे. पण जुलाबाच्या पोराला मीठ-साखरेचे पाणी पुरते हे सांगायला कोण एमआर येणार? महाराष्ट्र वैद्यक परिषदेने एमबीबीएस आणि त्यावरच्या डॉक्टरांना पाच वर्षांनी नोंदणी नवी करताना ३० क्रेडिटची अट घातली, ती ठीकच आहे. तरी क्रेडिट मिळते हजेरीचे. पुण्याच्या हॉटेलातले भाषण केंदूरच्या पेशंटपर्यंत आले का, हे त्यात मोजले जात नाही. वढूला निदान ती वाट बांधलेली होती.

दुहेरी रस्त्यावरून उलट दिशेने काय गेले, तेही ऐकण्यासारखे आहे. १९९३ च्या सुमाराला, बाई संचालक असतानाच, के.ई.एम.च्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्यापासून पन्नासेक किलोमीटरवरच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा अभ्यास मांडला. कोण काय खाते, किती कष्ट करते, बाळ केवढे होते, याची बारीक नोंद झाली. तिथल्या बाळांचे सरासरी वजन भरले २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचे ३.५ किलो. यात नवल नव्हते. नवल पुढेच. आपली बाळे हाडामांसाने बारीक, पण त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. वरून काटकुळे, आतून चरबीचे. हडकुळ्या माणसाला मधुमेह कसा होतो, या कोड्याचा एक धागा इथे सापडला आणि जगभरचे डॉक्टर त्यावर बोलू लागले.

त्याच अभ्यासात दिसले की ज्या बायकांच्या ताटात पालेभाजी आणि फळे जास्त वेळा होती, त्यांची बाळे अंगाने बरी निघाली. गरोदरपणाच्या पहिल्या निम्म्या काळात ज्यांच्यावर शेतातले आणि घरातले जड काम जास्त पडले, त्यांची बाळे हलकी भरली. निम्म्याहून जास्त बायकांत ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. हे दूध-दुभत्यातून मिळते. आपल्या भागात घरोघरी गाई, पण चरवी डेअरीवर जाते आणि सुनेच्या वाट्याला बिनदुधाचा चहा! हे वाक्य अभ्यासातले नाही, आमचे आहे. सरपंच, ग्रामसेवक मंडळींनी अंगणवाडीच्या बैठकीत त्यावर जरूर बोलावे.

बाईंना १९८९ साली पद्मभूषण मिळाले आणि १९९३ साली मॅगसेसे पुरस्कार. शहरातल्या रुग्णालयाची ताकद खेड्यातल्या बायकांच्या कामी लावली म्हणून हा मान. उतारवयात त्यांचे लक्ष वयात येणाऱ्या मुलींकडे वळले होते. लवकर लग्न, लवकर बाळंतपण, मग रोडके मूल, ही माळ मुलीच्या शिक्षणापासूनच तोडावी लागते असे त्यांना वाटे. १५ जुलै २००४ रोजी पुण्यात त्या गेल्या. पुढच्याच वर्षी सरकारने देशभर ‘आशा’ कार्यकर्तीची योजना आणली. गावातलीच बाई, तिला शिकवायचे, तिच्या मागे दवाखाना उभा करायचा. बाईंनी वढूला हेच केले होते.

वढूचे काम थांबले नाही. बाई हयात असताना, २००२ पासून, शिरूर आणि हवेली तालुक्यांतल्या २२ गावांत जन्म, मृत्यू, येणे-जाणे यांची घरोघर नोंद सुरू झाली. नव्या लसी आणि औषधे पारखायला अशी नोंद फार कामाची. पुणे जिल्ह्यातल्याच खेड्यांत के.ई.एम.च्या मंडळींनी गोवराची वाफेसारखी हुंगायची लस २००४ बाळांत पारखली. अर्ध्या बाळांना वाफ, अर्ध्यांना सुई. सुई नाही, रडारड नाही, म्हणून मोठी आशा होती. २०१५ साली निकाल छापून आला. सुई दिलेल्या शंभरातल्या सुमारे ९५ बाळांत गोवराविरुद्धची ताकद आली, वाफ दिलेल्यांत ८५ मध्येच. नवी युक्ती जुनीपुढे कमी पडली. म्हणून आजही उपकेंद्रावर नऊ महिने पुरे झालेल्या बाळाला गोवर-रुबेलाची सुईच टोचतात.