लॉटरी का लागत नाही? उत्तर भास्कराचार्यांच्या मोजणीत आहे

२०११ च्या जनगणनेत भोर तालुक्याची लोकसंख्या होती साधारण १ लाख ८६ हजार आणि वेल्हे तालुक्याची साधारण ५४ हजार. दोन्ही मिळून २ लाख ४० हजार माणसं. आता समजा, या प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी एका हंड्यात टाकली. असेच आणखी तीन हंडे भरले, सगळ्या चिठ्ठ्या एकत्र केल्या आणि डोळे मिटून एकच उचलली. ती नेमकी तुमच्याच नावाची निघेल, यावर तुम्ही पैसे लावाल का?

नाही म्हणाल. पण सहा आकडी लॉटरीचं तिकीट घेताना आपण यापेक्षाही अवघड गोष्टीवर पैसे लावतो. कारण ०००००० पासून ९९९९९९ पर्यंत नंबर होतात १० लाख आणि चार हंड्यांतल्या चिठ्ठ्या भरतात त्याहून थोड्या कमीच.

हे १० लाख नंबर कुणी एकेक करून मोजत नाही. प्रत्येक जागेवर १० आकडे येऊ शकतात, म्हणून १० ला १० ने सहा जागांसाठी गुणत जायचं. न लिहिता, न मांडता शक्यता मोजण्याची ही विद्या ज्यांच्या पुस्तकातून पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली, ते आपल्याच सह्याद्रीच्या कुशीत राहणारे होते. त्यांचं नाव भास्कराचार्य.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इसवी सन १११४ चा. हे साल त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवलंय. गोत्र शांडिल्य, वडिलांचं नाव महेश्वर. वडील ज्योतिषी होते आणि तेच भास्कराचार्यांचे गुरूही. आपलं गाव सह्य पर्वताजवळचं विज्जडवीड असल्याचं ते सांगतात. हे गाव नेमकं कोणतं, यावर अभ्यासकांमध्ये आजही वाद आहे. कुणी बीड म्हणतं, कुणी विजापूर, तर कुणी चाळीसगावजवळचं पाटण.

१११४ मध्ये जन्मलेल्या या माणसाने वयाच्या ३६ व्या वर्षी, म्हणजे ११५० मध्ये, 'सिद्धान्तशिरोमणि' हा ग्रंथ पूर्ण केला. त्याचे चार भाग आहेत. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. यातला 'लीलावती' हा अंकगणिताचा भाग सगळ्यात गाजला.

'लीलावती' गाजण्याचं एक कारण म्हणजे त्यातली उदाहरणं. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू आणि तुरट अशा सहा चवी आहेत. त्या एकेक, दोन-दोन, तीन-तीन अशा एकत्र केल्या तर किती प्रकार होतील? उत्तर ६३. शंकराच्या दहा हातांत दहा वस्तू आहेत. त्यांची अदलाबदल केली तर किती वेगवेगळ्या मूर्ती होतील? उत्तर ३६ लाख २८ हजार ८००. विष्णूच्या चार हातांतल्या शंख, चक्र, गदा, पद्म यांची अदलाबदल केली तर मात्र फक्त २४.

इथेच खरी गंमत आहे. हात ४ वरून १० झाले, म्हणजे अडीचपट. पण शक्यता २४ वरून थेट ३६ लाखांवर गेल्या. आपलं मन बेरजेने विचार करतं आणि शक्यता मात्र गुणाकाराने वाढतात. लॉटरीत आपला अंदाज चुकतो तो याच ठिकाणी. सहा आकडेच तर जुळायचे आहेत, असं वाटतं.

ग्रंथाच्या शेवटी 'अंकपाश' नावाचं प्रकरण आहे. त्यात तर थेट आकड्यांचीच मांडणी आहे. शून्य सोडून, एकही आकडा परत न वापरता सहा आकडी किती संख्या होतात, हे तिथे विचारलंय. पहिल्या जागेला ९ पर्याय, दुसऱ्या जागेला ८, मग ७, ६, ५, ४. गुणाकार केला की ६० हजार ४८०.

अनेक देशांत ४९ पैकी ६ आकडे निवडायची लॉटरी असते. तिचं गणितही भास्कराचार्यांनी दिलेल्या नियमानेच सुटतं. ४९ पासून उतरत्या क्रमाने सहा संख्यांचा गुणाकार करायचा आणि त्याला १ ते ६ च्या गुणाकाराने भागायचं. उत्तर येतं १ कोटी ३९ लाख ८३ हजार ८१६. म्हणजे हंड्यांच्या भाषेत सांगायचं तर भोर-वेल्ह्याचे ५८ हंडे आणि त्यात तुमची चिठ्ठी एकच. हा नियम भास्कराचार्यांच्या आधी, नवव्या शतकात महावीराचार्यांनीही दिला होता. पण तो घराघरांतल्या विद्यार्थ्यांपर्यंत नेला 'लीलावती'ने.

मग भास्कराचार्यांनी जिंकण्याची शक्यता काढली का? तर नाही. एकूण प्रकार किती, इथपर्यंत ते आले. त्यावरून जुगारात कुणाचं पारडं किती जड, हे मोजण्याचं शास्त्र युरोपात उभं राहिलं, ते पास्कल आणि फर्मा यांच्या १६५४ मधल्या पत्रव्यवहारातून. म्हणजे 'लीलावती'नंतर पाचशे वर्षांनी.

भास्कराचार्यांबद्दल नशिबाची एक गोष्ट मात्र हमखास सांगितली जाते. लीलावती ही त्यांची मुलगी. तिच्या लग्नाचा एकच शुभ मुहूर्त होता. वेळ कळावी म्हणून पाण्यात छिद्राचं घटिकापात्र ठेवलं होतं. ती वाकून बघायला गेली, अंगावरच्या दागिन्यातला एक मोती पात्रात पडला आणि छिद्र बुजलं. पात्र बुडालंच नाही, मुहूर्त टळला. मग वडिलांनी तिच्या नावाने ग्रंथ लिहिला. ही गोष्ट आली ती अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून, म्हणजे मूळ ग्रंथानंतर चारशेहून जास्त वर्षांनी. त्यामुळे तिला इतिहास म्हणता येत नाही.

इतिहास सापडतो तो पाटणच्या शिलालेखात. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. त्यातून कळतं की भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या पदरी होता आणि नातू चांगदेव सिंघण यादवाचा ज्योतिषी होता. या चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ काढला आणि १२०७ मध्ये त्याला दान मिळालं. स्वतः भास्कराचार्य उतारवयातही थांबले नव्हते. वयाच्या ६९ व्या वर्षी, ११८३ च्या सुमारास, त्यांनी 'करणकुतूहल' हा आणखी एक ग्रंथ लिहिला.

आता परत तिकिटाकडे येऊ. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून सुरू आहे. तिकीट घेणाऱ्यांचे ठरलेले हिशेब असतात. १२३४५६ हा नंबर कसा लागेल, ४०७९१५ बरा. पण दोन्ही नंबर १० लाखांतला एकेकच आहेत. मागच्या वेळी एका आकड्याने हुकलं, आता जवळ आलोय. पण सोडतीला मागचं काही आठवत नसतं. दोन तिकिटं घेतली तर संधी दुप्पट. हे मात्र खरं आहे, पण न लागणारे नंबर तरीही ९ लाख ९९ हजार ९९८ उरतात. शिवाय विक्रीच्या पैशातला एक भागच बक्षिसात जातो, त्यामुळे सगळ्या खेळणाऱ्यांचा मिळून हिशेब केला तर तोटाच निघतो.

आणि नेमाने घेत राहिलं तर? समजा, भास्कराचार्यांच्या जन्मापासून आजपर्यंत कुणीतरी दर आठवड्याला सहा आकडी नंबराचं एक तिकीट घेत आलंय. ९०० हून जास्त वर्षं, ४७ हजारांच्या आसपास तिकिटं. एवढ्या काळात एकदा तरी पहिलं बक्षीस लागलं असण्याची शक्यता ५ टक्क्यांहूनही कमी आहे.

तिकीट घ्यायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण लागेल का, हे विचारण्याआधी एकूण किती, हे विचारलं तर निदान आपण कशावर पैसे लावतोय ते तरी कळतं.