जांभळ्या क्षाराचा शोध

फ्रान्स आणि जर्मनी यांच्या सीमेवर आल्सास नावाचा प्रांत आहे. तेथील म्यूलूझ या गावी १२ डिसेंबर १८६६ रोजी आल्फ्रेड वेर्नरचा जन्म झाला. आल्फ्रेड चार वर्षांचा असताना हा प्रांत जर्मनीने जिंकून घेतला. बाहेर जर्मन भाषेचा अंमल सुरू झाला, तरी वेर्नर कुटुंबात फ्रेंचच बोलली जाई. रसायनांचा नाद त्याला लहानपणीच लागला होता. पुढे तो स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे शिकावयास गेला व १८९० साली त्याने डॉक्टरची पदवी मिळविली. गणिताशी त्याचे फारसे सख्य नव्हते. परंतु न दिसणाऱ्या अणूंची मांडणी कशी असेल, याचे चित्र तो मनापुढे स्पष्ट उभे करू शके.

त्या काळी कोबाल्ट या धातूच्या क्षारांनी रसायनशास्त्रज्ञांना बुचकळ्यात टाकले होते. कोबाल्टचे क्लोरीनशी व अमोनियाशी संयुग झाले, म्हणजे पिवळे, तांबूस, हिरवे असे सुंदर स्फटिक तयार होत. पिवळ्या क्षारात एका कोबाल्टबरोबर अमोनियाचे सहा रेणू व क्लोरीनचे तीन अणू असतात. त्याच्या द्रावणात सिल्व्हर नायट्रेट घातले, की तिन्ही क्लोरीन पांढऱ्या साक्याच्या रूपाने खाली बसतात. पण अमोनियाचा एक रेणू कमी झाला, तर दोनच क्लोरीन खाली बसतात! मग तिसरा कोठे अडकून राहतो? कोपनहेगनचा प्राध्यापक योर्गेन्सेन मोठा कुशल प्रयोगकर्ता होता. अमोनियाचे रेणू साखळीच्या कड्यांप्रमाणे एकमेकांत गुंतलेले असतात, असे तो मानी.

१८९३ साली एके रात्री दोन वाजता वेर्नर जागा झाला. कोड्याचे उत्तर त्याला सुचले होते. तो तसाच लिहावयास बसला आणि दुसऱ्या दिवशी सायंकाळी पाच वाजता त्याने लेखणी खाली ठेवली. कोबाल्ट मध्यभागी असतो व त्याच्याभोवती सहा सोबती असतात: चार चार बाजूंना, एक वर, एक खाली. अमोनियाची जागा रिकामी झाली, की एक क्लोरीन तेथे जाऊन घट्ट बसतो. म्हणूनच तो साक्यात सापडत नाही. वेर्नर तेव्हा अवघा सव्वीस वर्षांचा होता. त्याच्याजवळ स्वतःचे प्रयोग जवळजवळ नव्हतेच. बहुतेक आधार दुसऱ्यांच्या, त्यातही योर्गेन्सेनच्या, प्रयोगांचा होता. अशा तरुणाचे म्हणणे लोकांनी एकदम कसे मानावे?

योर्गेन्सेनने नेमके वर्मावर बोट ठेवले. वेर्नरची मांडणी खरी असेल, तर चार अमोनिया व दोन क्लोरीन असलेला क्षार दोन प्रकारचा असावयास हवा. एकात दोन क्लोरीन समोरासमोर, दुसऱ्यात शेजारी शेजारी. हिरवा क्षार सर्वांना ठाऊक होता. दुसरा कोठे होता?

त्याच वर्षी वेर्नर झुरिकच्या विद्यापीठात शिकवू लागला. त्याची प्रयोगशाळा तळघरात होती; उजेड आणि हवा दोन्ही तोकडी. देशोदेशीचे विद्यार्थी व विद्यार्थिनी तेथे त्याच्या हाताखाली राबत. वर्षे लोटली, तरी दुसरा क्षार हाती येईना. अखेर १९०७ साली तो सापडला. त्याचा रंग जांभळा होता. योर्गेन्सेनने मोठ्या मनाने आपला विरोध मागे घेतला.

१९१३ साली वेर्नरला नोबेल पारितोषिक मिळाले. परतताना तो कोपनहेगन येथे थांबला. तेथे योर्गेन्सेनची भेट व्हावयाची होती. पण तो वृद्ध प्राध्यापक अंथरुणास खिळला होता. भेट राहून गेली आणि पुढच्याच वर्षी योर्गेन्सेन वारला. वेर्नरची प्रकृतीही ढासळू लागली होती. १५ नोव्हेंबर १९१९ रोजी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, तो मरण पावला.

धातूंच्या अशा संयुगांविषयी पुढे जे जे लिहिले गेले, त्यात वेर्नरचे नाव वारंवार येते. प्लॅटिनमचा एक पिवळा क्षार १८४४ सालीच तयार झाला होता. त्यात प्लॅटिनमभोवती चार सोबती चौकोनात असतात व दोन क्लोरीन शेजारी शेजारी बसतात, हे वेर्नरने १८९३ च्या त्याच लेखात सांगितले होते. हा क्षार जंतूंचे विभाजन रोखतो, असे १९६५ साली अमेरिकेत आढळून आले. पुढे १९७८ पासून तेथे तो कर्करोगावरील औषध म्हणून दिला जाऊ लागला. दोन क्लोरीन समोरासमोर असलेला त्याचा भाऊबंद मात्र या कामी उपयोगी पडत नाही.