हाडांची भाषा जाणणारा क्यूव्हिये

फार पूर्वी युरोपात शेत नांगरताना किंवा नदीकाठची दरड कोसळली असता कधी कधी अजस्र हाडे उघडी पडत. गावकरी ती राक्षसांची हाडे समजत. सायबेरियाच्या थंड प्रदेशात हत्तीच्या हाडांसारखी हाडे सापडत, तेव्हा विद्वानही कोड्यात पडत. उष्ण प्रदेशातील हत्ती महापुराने तेथवर वाहत गेले असावेत, असे काहींचे मत होते. एखाद्या प्राण्याची जातच्या जात पृथ्वीवरून नाहीशी होते, ही कल्पना मात्र फार थोड्यांच्या मनाला शिवली होती. ती पुराव्यानिशी सिद्ध करणारा शास्त्रज्ञ म्हणजे झॉर्झ क्यूव्हिये होय.

क्यूव्हियेचा जन्म २३ ऑगस्ट १७६९ रोजी माँबेलियार या गावी झाला. हे गाव आज फ्रान्समध्ये आहे. पण त्या काळी ते व्युर्टेंबर्ग या जर्मन संस्थानाच्या ताब्यात होते. त्याचे वडील सैन्यातून निवृत्त झालेले अधिकारी होते. घरची स्थिती बेताचीच होती. आईने मात्र मुलाच्या अभ्यासाकडे जातीने लक्ष पुरवले. एका नातलगाच्या घरी प्राण्यांची चित्रे असलेले ग्रंथ होते. लहानगा झॉर्झ त्यांतील चित्रे काढून घेई आणि ग्रंथातील वर्णन बारकाईने वाचून त्याप्रमाणे त्यांत रंग भरी. वाचावे, पाहावे आणि दोन्ही ताडून घ्यावे, ही सवय त्याला लहानपणीच जडली.

१७८४ साली तो शिक्षणासाठी श्टुटगार्ट येथे गेला. तेथे जर्मन भाषेतून शिकावे लागे आणि ती भाषा त्याला येत नव्हती. थोड्याच अवधीत त्याने ती आत्मसात केली. १७८८ साली शिक्षण संपले. पण हाताला काम नव्हते. अखेर फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतात एका सरदाराच्या मुलाला शिकवण्याची नोकरी त्याने पत्करली.

पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये राज्यक्रांतीचा वणवा पेटला. क्यूव्हिये त्या धामधुमीपासून दूर, समुद्रकाठी राहत होता. शिकवण्याचे काम आटोपले की तो किनाऱ्यावर जाई. मासे, शिंपले, कालवे, जे हाती लागेल ते घरी आणी, त्याचे विच्छेदन करी, आणि आतील प्रत्येक अवयवाचे चित्र काढून ठेवी. त्याच्याजवळ ना प्रयोगशाळा होती, ना मार्गदर्शक. समुद्रकिनारा हीच त्याची शाळा झाली. क्रांतीच्या भीतीने नाव बदलून तेथे राहिलेल्या टेसिए या विद्वानाने या तरुणाचे गुण ओळखले आणि पॅरिसमधील मित्रांना त्याच्याविषयी लिहिले. १७९५ साली क्यूव्हियेला पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयात काम मिळाले. तेव्हा त्याचे वय पंचवीस वर्षांचे होते.

संग्रहालयात देशोदेशींच्या प्राण्यांचे सांगाडे होते. क्यूव्हिये हाडाशेजारी हाड आणि दाताशेजारी दात ठेवून पाहू लागला. भारतातील हत्तीच्या दाढेवर अरुंद, समांतर कंगोरे असतात. आफ्रिकेतील हत्तीच्या दाढेवर ते शंकरपाळ्याच्या आकाराचे असतात. यावरून या दोन हत्तींच्या जाती निरनिराळ्या आहेत, हे त्याने ताडले. मग त्याने सायबेरियातील हाडे तपासली. ती या दोन्ही हत्तींशी जुळेनात! तो प्राणी तिसराच होता. त्याला मॅमथ म्हणतात. एवढा प्रचंड प्राणी जगाच्या पाठीवर कोठेही जिवंत आढळत नव्हता. तेव्हा ती जात नष्ट झाली असली पाहिजे, असा निर्णय क्यूव्हियेने १७९६ साली विद्वानांच्या सभेपुढे मांडला.

प्राण्याच्या शरीरातील कोणताही अवयव एकटा नसतो, असा क्यूव्हियेचा सिद्धान्त होता. मांस खाणाऱ्या प्राण्याला मांस फाडणारे दात हवेत, तसेच भक्ष्य पकडणारी नखे, बळकट जबडा आणि मांस पचवणारे आतडेही हवे. खूर असलेल्या प्राण्याचे दात गवत किंवा पाला चघळण्याजोगे असतात. म्हणून एखादा अवयव नीट पाहिला तर इतर अवयवांचा अंदाज बांधता येतो.

या सिद्धान्ताची कसोटी लवकरच लागली. पॅरिसजवळील मोंमार्त्रच्या जिप्समच्या खाणीत एका लहानशा प्राण्याचा जीवाश्म सापडला. त्याचा अर्धा सांगाडा दगडात दडलेला होता. दात आणि जबडा पाहून क्यूव्हियेने हा शिशुधान प्राणी आहे, असे ठरवले. शिशुधान प्राण्याची मादी आपली पिले पोटावरील पिशवीत वाढवते. अशा प्राण्यांच्या कटिभागापुढे दोन विशेष हाडे असतात. ती येथेही असलीच पाहिजेत, असे त्याने आधीच सांगून टाकले आणि काही जाणकारांना बोलावले. त्यांच्यासमक्ष त्याने टोकदार हत्याराने दगड हळूहळू कोरण्यास प्रारंभ केला. हाडे निघाली नसती, तर सर्वांदेखत त्याची फजिती झाली असती. पण थोड्याच वेळात ती दोन हाडे जशीच्या तशी दिसू लागली! हा वृत्तान्त १८०४ साली प्रसिद्ध झाला.

प्राण्यांचे वर्गीकरणही क्यूव्हियेने अशाच पायावर उभारले. वटवाघूळ उडते, पण ते पक्षी नव्हे. देवमासा पोहतो, पण तो मासा नव्हे. बाहेरचे रूप फसवे असते, आतील रचना खरे नाते सांगते. १८१७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मोठ्या ग्रंथात त्याने सर्व प्राण्यांचे चार विभाग केले. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांचा, म्हणजे पृष्ठवंशीयांचा, विभाग त्यांत पहिला. त्यात त्याने सस्तन प्राणी, पक्षी, सरपटणारे प्राणी आणि मासे असे चार वर्ग मानले. बेडकाला त्याने सरपटणाऱ्या प्राण्यांतच घातले होते. आज बेडकासारख्या उभयचरांचा वर्ग वेगळा मानतात.

भारताशीही त्याचा संबंध आला. त्याचा सावत्र मुलगा आल्फ्रेद दुव्होसेल १८१८ साली भारतात आला आणि येथील प्राण्यांचे नमुने पॅरिसला पाठवू लागला. बारशिंगा या हरणाच्या शास्त्रीय नावात क्यूव्हियेने १८२३ साली त्याचे नाव गुंफले. दुर्दैवाने पुढच्याच वर्षी तो तरुण मद्रास येथे मरण पावला. क्यूव्हियेची स्वतःची चारही मुले त्याच्या डोळ्यांदेखत गेली. १८२७ साली तरुण मुलगी क्लेमांतीन वारली, तेव्हा तो खचून गेला. तरीही त्याने काम सोडले नाही. पुढल्याच वर्षी माशांवरील त्याच्या प्रचंड ग्रंथाचा पहिला खंड बाहेर पडला. १३ मे १८३२ रोजी पॅरिस येथे त्याचे देहावसान झाले.

क्यूव्हियेच्या हातून चुकाही झाल्या. प्राण्यांच्या जाती कधी बदलत नाहीत, असे तो अखेरपर्यंत मानीत असे आणि लामार्क या सहकाऱ्याच्या वेगळ्या मताला त्याने कसून विरोध केला. मानववंशांत त्याने श्रेष्ठ-कनिष्ठ असा भेद कल्पिला. तोही पुढे विज्ञानाने टाकून दिला. १८५९ साली डार्विनचा ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर जाती हळूहळू बदलत जातात, हे मत मान्य होत गेले. नवल असे की, त्या मताला बळकटी देणारा पुरावा क्यूव्हियेने घालून दिलेल्या पद्धतीनेच मिळाला. आजही प्राणिशास्त्राचे विद्यार्थी सांगाडे शेजारी शेजारी ठेवून त्यांतील साम्य आणि भेद पाहतात. क्यूव्हियेची काही मते मागे पडली; पण हाडांची भाषा वाचण्याची त्याची रीत कायम राहिली आहे.