पदवीविना बॅरिस्टर : न्यायमूर्ती बदरुद्दीन तय्यबजी



दरवर्षी निकाल लागले की आपल्या ठाणे-कल्याण परिसरातील घराघरांतून एकच चिंता ऐकू येते. मुलाला वकील व्हायचे आहे, पण नामांकित महाविद्यालयात प्रवेश मिळालेला नाही. साध्या कॉलेजातून कायदा शिकून कोर्टात कोण विचारणार, असे म्हणून कित्येक पालक मुलाचा विचारच बदलायला लावतात. मुलीच्या बाबतीत तर हा निर्णय आणखी लवकर होतो. आपल्या घरी यंदा असा निर्णय व्हायचा असेल, तर त्यापूर्वी न्यायमूर्ती बदरुद्दीन तय्यबजी यांचे चरित्र एकदा वाचा, अशी आपणांस विनंती आहे.

बदरुद्दीन यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1844 रोजी मुंबईत झाला. घराणे सुलेमानी बोहरा, व्यापारी. वडील तय्यबअली हे दूरदृष्टीचे गृहस्थ होते. इंग्रजी शिकल्याने मुले धर्मापासून दूर जातील, अशी भीती समाजात सर्वत्र होती. अशा काळात त्यांनी आपल्या मुलांना युरोपात शिकायला पाठवले. बदरुद्दीन यांची सुरुवात मात्र मदरशातच झाली. तेथे उर्दू आणि फारसी शिकून ते एल्फिन्स्टन संस्थेत दाखल झाले. 1853 साली मुंबईहून ठाण्यापर्यंत आणि 1854 साली कल्याणपर्यंत आगगाडी धावू लागली, तेव्हा ते आठ-नऊ वर्षांचे होते.

लहानपणापासून त्यांना डोळ्यांचा विकार होता. उपचारासाठी त्यांना प्रथम फ्रान्सला पाठवण्यात आले. 1860 साली ते लंडनला शाळेत दाखल झाले. पुढे लंडन विद्यापीठाची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण होऊन 1863 साली त्यांनी मिडल टेंपल या वकिलांच्या संस्थेत नाव नोंदवले. सर्व काही सुरळीत चालले असताना डोळ्यांनी दगा दिला. 1864 च्या अखेरीस अभ्यास अर्धवट टाकून त्यांना मुंबईस परतावे लागले. वय अवघे वीस वर्षांचे!

क्षणभर विचार करा. ज्याला आयुष्यभर कागदपत्रे वाचण्याचाच व्यवसाय करायचा, त्याचीच नजर अधू. दुसऱ्या कोणी वडिलांच्या पेढीवर बसणे पसंत केले असते. बदरुद्दीन मात्र 1865 च्या अखेरीस पुन्हा मिडल टेंपलमध्ये अभ्यासाला लागले. विद्यापीठाची पदवी राहून गेली ती कायमचीच. परंतु त्या काळी बॅरिस्टर होण्यासाठी पदवीची अट नव्हती. संस्थेत ठरावीक सत्रे भरायची, तेथील भोजनगृहात ठरावीक जेवणे घ्यायची आणि कायद्याचे शिक्षण पुरे करायचे, अशी पद्धत होती. एप्रिल 1867 मध्ये ते बॅरिस्टर झाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयात उभे राहिले. तेथील ते पहिले हिंदी बॅरिस्टर होत.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. बदरुद्दीन श्रीमंत घरातले होते. थोरले बंधू कमरुद्दीन हे इंग्लंडमध्ये सॉलिसिटर झालेले पहिले हिंदी गृहस्थ, त्यामुळे व्यवसायात पाठीशी माणूस होता. आपल्यापैकी बहुतेकांना हे भाग्य लाभत नाही. परंतु पैसा आणि भाऊ माणसाला कोर्टाच्या दारापर्यंत नेतात. आत न्यायाधीशांपुढे उभे राहून मुद्दा पटवून देण्याचे काम ज्याचे त्यालाच करावे लागते. बाकीचे सर्व बॅरिस्टर युरोपियन असताना या पदवी नसलेल्या, अधू नजरेच्या तरुणाने आपले स्थान निर्माण केले, ते कामाच्या बळावर.

पुढे मानसन्मान चालत आले. 1873 साली ते मुंबई महापालिकेत गेले. 1875 साली मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवर त्यांची नेमणूक झाली. ज्यांच्यापाशी पदवी नव्हती, ते आता पदव्या देणाऱ्यांच्या पंक्तीस बसले! 1885 साली फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्यासह त्यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन केली. 1887 साली मद्रास येथे भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या तिसऱ्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. 1895 साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले; हा मान मिळवणारे ते पहिले मुसलमान. 1902 साली त्यांनी मुख्य न्यायाधीशपदाचे कामही प्रभारी म्हणून पाहिले.

1897 साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. त्यांचा जामीन आधी नाकारला गेला होता. अर्ज न्यायमूर्ती तय्यबजींपुढे आला, तेव्हा त्यांनी जामीन मंजूर केला. सरकारची मर्जी काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. निर्भय न्यायबुद्धी म्हणतात ती हीच.

परंतु आपल्या दृष्टीने त्यांचे सर्वांत मोठे कार्य वेगळेच आहे. आपल्या वडिलांनी आपल्यासाठी जे केले, ते गरीब मुसलमान मुलांसाठी कोण करणार, हा प्रश्न त्यांनी स्वतःचा मानला. 1874 साली बंधू कमरुद्दीन, कोकणी मुसलमानांचे पुढारी नाखुदा मोहम्मद अली रोगे आणि मुन्शी गुलाम मोहम्मद यांच्या सहकार्याने त्यांनी अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. ठाण्या-कल्याणहून गाडीने जाऊन छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलात, की समोरच अंजुमनची भव्य इमारत दिसते. ती 1893 सालची. पुढच्या वेळी तेथून जाताना मुलांना ती जरूर दाखवा. मुलींच्या शिक्षणाचाही त्यांनी आग्रह धरला, कडक पडद्याला विरोध केला आणि सुरुवात स्वतःच्या मुलींना शाळेत घालून केली. 19 ऑगस्ट 1906 रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

आता आजचा विचार करू. आज वकिलीसाठी कायद्याची पदवी आवश्यक आहे. पदवीशिवाय चालेल, असा या चरित्राचा अर्थ कोणी घेऊ नये. पण 1961 च्या अॅडव्होकेट्स अॅक्टपासून बॅरिस्टर आणि इतर वकील असा जुना भेद उरला नाही. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. ठाण्यात कायद्याचे महाविद्यालय आहे. कल्याणहून दोन स्थानके पुढे गेले की उल्हासनगरातही आहे. उत्तीर्ण झाल्यावर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची सनद मिळते आणि अखिल भारतीय बार परीक्षा द्यावी लागते. नामांकित कॉलेजच्या मुलाची सनद आणि तुमच्या मुलाची सनद एकच असते. नामांकित कॉलेजमुळे पहिली नोकरी लवकर मिळते, हे खरे आहे, नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ठाण्याच्या किंवा कल्याणच्या कोर्टात अशील आपल्या दाव्याचे काय झाले हे विचारतो, कॉलेजचे नाव विचारीत नाही.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, कॉलेज कोणते मिळाले याचे दुःख करीत बसू नका. रोज वाचा. मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा पक्क्या करा; आपल्या तालुका कोर्टांत मराठी लागते आणि उच्च न्यायालयात इंग्रजी. सुट्टीत कोर्टात जाऊन बसा, ज्येष्ठ वकील साक्षीदाराला प्रश्न कसे विचारतात ते पाहा. आणि पालकहो, मुलगा असो वा मुलगी, प्रवेशाच्या यादीतील कॉलेजचा क्रमांक पाहून त्यांच्या तालमीचा निकाल लावू नका. त्यांना सुरुवातीची चार-पाच वर्षे द्या, कारण या व्यवसायात मिळकत उशिरा सुरू होते.

मरहूम बदरुद्दीन तय्यबजींना अल्लाह जन्नत नसीब करो आणि त्यांच्यासारखी जिद्द आपल्या मुलामुलींना देवो. आमीन.