जोडणीकडून घडणीकडे : शेठ वालचंद हिराचंद

वडाळा रोड स्थानकाच्या फलाटावर उभे राहिले की एका हाताला शिवडी आणि दुसऱ्या हाताला कुर्ला. शिवडी अगदी पुढचेच स्थानक, कुर्ला तिसरे. रोज शेकडो विद्यार्थी आणि कामगार या मार्गाने जातात-येतात. पण आपल्या देशातील मोटारगाडीची निम्मी कहाणी या चार-पाच स्थानकांच्या दरम्यान घडली, हे कितीजणांना ठाऊक असेल? मलाही ते ठाऊक नव्हते. शिवडीला १९२८ साली जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. परदेशातून पेट्यांत भरून सुटे भाग यायचे, बंदरात उतरायचे आणि शिवडीत त्यांची गाडी व्हायची. पुढे १९४७ साली कुर्ल्याच्या एका कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. तो कारखाना मात्र सोलापुरात जन्मलेल्या एका माणसाने काढलेला होता. त्याचे नाव शेठ वालचंद हिराचंद.

या थोर पुरुषाकडे मी वळलो तो इतिहासाच्या पुस्तकातून नव्हे, तर आमच्या टॅक्सीमुळे. माझे वडील टॅक्सी चालवतात. आमची पद्मिनी माझ्यापेक्षा वयाने मोठी; २००३ साली ती कागदावर चढली. तिला वडील कायम फियाटच म्हणत. रोज पहाटे नळाला पाणी आले की आधी दोन बादल्या तिच्यासाठी भरल्या जात, मग घरासाठी. त्यावरून आईची कुरकुर चाले, पण क्रम कधी बदलला नाही. वीस वर्षांची मुदत भरली आणि २०२३ साली ती भंगारात जाणार हे ठरले. तेव्हा मी नुकताच बारावी झालो होतो. ती जाण्याच्या आदल्या रविवारी मी शिंप्याकडची टेप आणून तिची सारी मापे वहीत उतरून घेतली, आणि पुठ्ठ्याची हुबेहूब गाडी करायला बसलो. एका फुटाला अर्धा इंच असे प्रमाण धरले. खरी गाडी जेमतेम तेरा फुटांची. माझी झाली साडेसहा इंचांची.

त्या छोट्या गाडीने मला एक गोष्ट शिकवली. पुठ्ठा कापून टप, दरवाजे, बॉनेट करणे फारसे अवघड गेले नाही. अडले ते चाकांपाशी. गोल, सारखी, न डगमगणारी चार चाके काही केल्या जमेनात. शेवटी बाजारातून एक खेळण्यातली मोटार आणली आणि तिची चाके काढून माझ्या गाडीला बसवली. गाडी सुरेख दिसू लागली. शेजारचे येऊन पाहून गेले. मला मात्र राहून राहून वाटे की ही गाडी मी जोडली आहे, केलेली नाही. वालचंदांचे चरित्र वाचताना मला कळले की हाच सल त्यांच्या मनात कितीतरी मोठ्या प्रमाणावर होता.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे एका दिगंबर जैन व्यापारी कुटुंबात झाला. घराणे मूळचे गुजरातचे, पण महाराष्ट्रात रुजलेले. जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई गेली. वडील हिराचंद यांचा कापसाचा आणि सावकारीचा व्यवहार होता. १८९९ साली वालचंद मॅट्रिक झाले. पुढे मुंबईचे सेंट झेवियर कॉलेज आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज अशा दोन ठिकाणी ते शिकले, पण बी.ए.ची पदवी काही हाती आली नाही. शिक्षण अर्धवट टाकून ते घरच्या धंद्यात शिरले. तिथेही त्यांचे मन रमेना. बसल्या जागी व्याज मोजण्याचा त्यांचा पिंड नव्हता.

अशा वेळी त्यांची गाठ लक्ष्मणराव फाटक यांच्याशी पडली. फाटक हे पूर्वी रेल्वेत कारकून होते. त्यांच्याजवळ कामाची माहिती होती, वालचंदांजवळ भांडवल उभे करण्याची ताकद होती. दोघांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचा ठेका घेतला. तिथून वालचंदांचे खरे आयुष्य सुरू झाले. पुढे त्यांच्या कंपन्यांनी बोरघाटात रेल्वेचे बोगदे खोदले आणि तानशाचे पाणी मुंबईला आणणाऱ्या नळांचे काम केले. १९२६ साली त्यांनी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन केली. नाशिक जिल्ह्यातील रावळगाव आणि इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर या दोन्ही ठिकाणी माळरानावर ऊस उभा राहिला, साखर कारखाने आले. रावळगावची गोळी आपण सर्वांनी लहानपणी चघळली आहे. तिच्यामागे हेच घराणे होते हे किती मुलांना माहीत असते?

पहिले महायुद्ध संपले आणि वालचंदांची दृष्टी समुद्राकडे गेली. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचे लॉयल्टी नावाचे जहाज विकाऊ होते. युद्धात ते इस्पितळ म्हणून वापरले गेले होते. नरोत्तम मोरारजी आदी मंडळींबरोबर ते विकत घेऊन १९१९ साली सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी सुरू झाली. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनकडे निघाले. तोच दिवस आज राष्ट्रीय नौकानयन दिन म्हणून पाळला जातो. परंतु ब्रिटिश कंपन्यांनी भाड्याचे दर असे पाडले की नव्या कंपनीचा श्वास कोंडावा. १९२३ साली सिंधियाला करार करून आपल्या जहाजांवर मर्यादा मान्य कराव्या लागल्या. त्याच वर्षी लॉयल्टी मुंबईतच मोडीत निघाले. पहिले जहाज भंगारात गेले, पण कंपनी टिकली. १९२९ साली वालचंद तिचे अध्यक्ष झाले आणि पुढे वीसेक वर्षे त्यांनी हा लढा चालवला.

जहाजाच्या या अनुभवातून त्यांना मोटारीचा प्रश्न अधिक स्पष्ट दिसला असावा, असे मला वाटते. दुसऱ्याने बांधलेले जहाज विकत घेता येते; पण ते बांधण्याची विद्या दुसऱ्याकडेच राहते. मोटारीचेही तेच. शिवडीला शेकडो हात गाड्या जोडत होते. पण इंजिन, गिअर, आस यांतले काहीच आपले नव्हते. भारतात मोटारीचा कारखाना काढावा अशी योजना सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी मांडली होती. त्यासाठी १९३५ साली ते युरोप-अमेरिकेत हिंडून आले. मुंबईच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने सहानुभूती दाखवली. ही योजना वालचंदांनी उचलून धरली आणि १९३९ साली ते स्वतः अमेरिकेला गेले. १९४० साली क्रायस्लर कंपनीशी त्यांचा करार झाला. आता कारखाना उभा राहणार असे वाटत असतानाच घोडे अडले ते भारत सरकारपाशी. दुसरे महायुद्ध सुरू झाले होते. लष्कराला गाड्या हव्या होत्या. पण त्या या देशात तयार होण्यासाठी परवानगी आणि मदत देण्यास परकीय सरकार राजी नव्हते.

इथे एक गंमत सांगितली पाहिजे. मोटारीच्या कामासाठी केलेल्या त्याच १९३९ च्या प्रवासात, पॅसिफिक महासागर ओलांडताना विमानात त्यांना विल्यम पॉली हे अमेरिकन गृहस्थ भेटले. पॉलींचा व्यवसाय चीनला विमाने पुरवण्याचा. आकाशातल्या त्या गप्पांतून भारतात विमानाचा कारखाना काढण्याची कल्पना निघाली. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली आणि दुसऱ्याच वर्षी तिथे तयार झालेले विमान उडालेसुद्धा! जून १९४१ मध्ये विशाखापट्टणम येथे जहाज बांधणीच्या कारखान्याची पायाभरणी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाली. १९४८ साली तिथले जलउषा हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. गाडी शोधायला निघालेल्या माणसाच्या हाती विमान आधी लागले, जहाज नंतर. गाडी मात्र मागेच राहिली.

तरी त्यांनी ध्यास सोडला नाही. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी नोंदली गेली. कारखान्यासाठी कुर्ल्याची जागा निवडली. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, प्लिमथ, डी सोटो ही त्यांची नावे. त्यांचे बहुतेक भाग अजून परदेशचेच होते, हे कबूल केले पाहिजे. पण शिवडी आणि कुर्ला यांत फरक होता तो उद्देशाचा. कुर्ल्याला एकेक भाग इथेच तयार करायचा, असा क्रम ठरलेला होता. १९५३ साली सरकारने धोरण ठरवले की ज्यांना इथे भाग तयार करायचे नाहीत त्यांनी नुसती जोडणी करत राहू नये. त्यानंतर शिवडीचा कारखाना बंद झाला. कुर्ल्याचा चालू राहिला.

वालचंद मात्र तोवर थकले होते. १९४९ साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० साली ते कामातून निवृत्त झाले. पत्नी कस्तुरबाईंनी त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमध्ये सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. इटलीच्या फियाट कंपनीची ११०० ही गाडी कुर्ल्याला आली ती १९५४ साली. तिचेच नाव १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी झाले. म्हणजे जी टॅक्सी पाहून मुंबईची आठवण होते, जिच्या कमाईवर आमच्यासारखी हजारो घरे चालली, ती वालचंदांनी कधी पाहिलीच नाही!

त्यांच्या कार्याला दुसरी बाजू नाही असे मी म्हणणार नाही. स्वदेशी उद्योगाला संरक्षण मिळावे म्हणून ते आयुष्यभर भांडले. ते संरक्षण पुढे मिळाले. पण त्याच्या सावलीत गाड्यांचे रूप वर्षानुवर्षे बदलले नाही आणि गिऱ्हाइकाला नाव नोंदवून वर्षे मोजावी लागली. १९८३ साली मारुती आली आणि पद्मिनी मागे पडली. या शतकाच्या सुरुवातीला तिचे उत्पादन थांबले. कुर्ल्याच्या त्या जागेवर आता उंच इमारती आहेत.

आता माझी एक चूक सांगतो. टॅक्सी गेली तेव्हा घरात पैशाची ओढाताण झाली. मी कॉलेजला नाव न घालता नोकरी धरावी असे माझ्या मनाने घेतले. वालचंदांचे चरित्र तेव्हा अर्धेच वाचून झाले होते. मी मोठ्या तोऱ्यात वडिलांना सांगितले की एवढा मोठा कारखानदार, पण त्यालाही बी.ए. होता आले नाही. वडील सातवीपर्यंत शिकलेले. ते बराच वेळ गप्प बसले. मग एवढेच म्हणाले की त्या माणसाने कॉलेज सोडले तेव्हा परत जायला त्याच्या बापाची पेढी होती. तुझ्या बापाची पेढी उद्या भंगारवाल्याकडे चालली आहे. यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी नाव घातले. वडील आता दुसऱ्याची गाडी भाड्याने चालवतात. संध्याकाळी मी शिकवण्या घेतो.

त्या दिवसापासून मी चरित्रे वाचताना माणसाने काय सोडले याबरोबरच त्याच्यापाशी काय होते हेही पाहतो. वालचंदांना पेढी होती, नाव होते, हे खरे. पण तेवढेच असणारे सोलापुरात आणखीही असतील. त्यांतल्या कितीजणांनी पहिले जहाज मोडीत निघाल्यावर, सरकारने दार लावल्यावर पुन्हा कुर्ल्याला जमीन घेतली?

शेठ वालचंदांच्या नावाचा रस्ता बॅलार्ड इस्टेटमध्ये आहे. सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय त्यांच्या नावाने ओळखले जाते. २००४ साली टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. माझ्या घरी त्यांचे स्मारक म्हणजे कपाटावरची साडेसहा इंची गाडी. काळा रंग, वर पिवळे टप. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी तिची बाजारची चाके काढून टाकली. पुठ्ठ्याच्या चकत्या एकावर एक चिकटवून, पॉलिश पेपरने घासून नवी चार चाके केली. त्यांतले एक अजून किंचित डगमगते. वडिलांनी गाडी हातात घेतली, ते चाक बोटाने फिरवून पाहिले आणि मागचे डावे ना, असे विचारले. आमच्या टॅक्सीचेही तेच चाक नेहमी त्रास देत असे.