लार्स ऑन्सागर

लार्स ऑन्सागर (२७ नोव्हेंबर, १९०३ - ५ ऑक्टोबर, १९७६) हे नॉर्वेत जन्मलेले अमेरिकन सैद्धांतिक रसायनशास्त्रज्ञ व भौतिकशास्त्रज्ञ होते. समतोलापासून ढळलेल्या प्रणालींच्या सांख्यिकीय यामिकीचा पाया त्यांनी घातला. या कार्यासाठी त्यांना १९६८ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

जीवन

ऑन्सागर यांचा जन्म ओस्लो (तत्कालीन क्रिस्तियानिया) येथे झाला. १९२५ मध्ये त्यांनी ट्रॉन्हाइम येथून रासायनिक अभियांत्रिकीची पदवी घेतली. त्याच वर्षी झुरिच येथे जाऊन त्यांनी पीटर डेबाय यांना विद्युत्-अपघटनी द्रावांविषयीच्या त्यांच्या सिद्धांतातील उणीव दाखवून दिली. डेबाय यांनी त्यांना आपला साहाय्यक नेमले. १९२८ मध्ये ते अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रुजू झाले. परंतु त्यांचे अध्यापन विद्यार्थ्यांना दुर्बोध वाटल्याने ती जागा लवकरच गेली. ब्राउन विद्यापीठातील जागाही १९३३ मध्ये आर्थिक मंदीमुळे सुटली. त्यानंतर ते येल विद्यापीठात आले आणि १९७२ पर्यंत तेथेच राहिले.

परस्परता संबंध

धातूच्या सळईचे एक टोक सतत तापवून दुसरे थंड ठेवल्यास काही काळाने प्रत्येक बिंदूचे तापमान स्थिर होते, तरी उष्णतेचा प्रवाह चालूच राहतो. ही स्थायी अवस्था असली, तरी समतोल नव्हे. तापमानातील फरकामुळे उष्णतेबरोबर विद्युत् प्रवाहही निर्माण होऊ शकतो. उलट, विद्युत् दाबातील फरकामुळे उष्णताही वाहते. या दोन परिणामांचे गुणांक, प्रवाह व प्रेरणा योग्य रीतीने निवडल्यास, समान असतात, असे ऑन्सागर यांनी १९३१ मध्ये सिद्ध केले. चुंबकीय क्षेत्र नसताना काळाची दिशा उलटवली तरी कणांच्या गतीचे नियम बदलत नाहीत, हा या सिद्धतेचा आधार होता. हे संबंध समतोलाच्या निकटच्या अवस्थांना लागू पडतात.

हेच कार्य त्यांनी डॉक्टरेटसाठी ट्रॉन्हाइमला सादर केले असता ते अपुरे ठरवण्यात आले. अखेर १९३५ मध्ये मॅथ्यू समीकरणावरील प्रबंधासाठी येलने त्यांना पीएच.डी. दिली. परस्परता संबंधांचे महत्त्व दुसऱ्या महायुद्धानंतरच सर्वमान्य झाले. १९६० मध्ये ट्रॉन्हाइमच्या त्याच संस्थेने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट प्रदान केली.

इतर कार्य

१९४४ मध्ये त्यांनी द्विमितीय आयझिंग प्रतिमानाची, बाह्य चुंबकीय क्षेत्र नसतानाची, अचूक उकल काढली. प्रावस्था संक्रमणाच्या अभ्यासात ती मूलभूत मानली जाते.

निवृत्तीनंतर ते मायामी विद्यापीठात संशोधन करीत राहिले. फ्लोरिडातील कोरल गेबल्स येथे त्यांचे निधन झाले.